कूलरला बांधलेली नाडाछडी

मंगळवारी सकाळी मी फॅक्टरीत शिरले, तर बंद पडलेल्या कूलरला कुंकू लावलेलं होतं. पुढ्यात अगरबत्ती जळत होती आणि वर झेंडूचं फूल ठेवलेलं. बाजूला मोडकी शिलाई मशीन, किल्ली हरवलेलं लोखंडी कपाट, डोकी नसलेले साडी दाखवायचे पुतळे. सगळ्यांना कुंकू. माल चढवणारा एक हमाल चपला बाजूला काढून आला, कूलरला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि कामाला गेला.

बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. हाच सगळा माल उचलायला मीच त्याला बोलावलं होतं.

तो टेम्पोत बसून होता. मी म्हटलं, "उचलो ना भाई, किसकी राह देख रहे हो?"

"बेन, भंगार लेने आया हूँ. मंदिर उठाने नहीं आया."

आता माझं काम काय, ते आधी सांगते. मी इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. माहेर नंदुरबारचं, पण सुरतेत इतकी वर्षं झाली की रागावले की गुजराती येतं आणि फारच रागावले की हिंदी. कारखान्यांत जाऊन 'लीन' शिकवायचं हा माझा धंदा. लीन म्हणजे जपानी कारखान्यांतून आलेली कामाची पद्धत. तिचा गाभा एवढाच, की गिऱ्हाईक ज्या कामाचे पैसे देतं ते काम ठेवा, बाकीचं कमी करत जा. त्या बाकीच्याला जपानी लोक 'मुडा' म्हणतात. विनाकारण चालणं मुडा, वाट बघत उभं राहणं मुडा, गरज नसताना साठवलेला माल मुडा. एका दिवसात सगळा मुडा जात नाही, म्हणून रोज थोडी सुधारणा करायची. त्याला 'कायझेन' म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. माणसं मध्ये आली की सोपं राहत नाही.

पांडेसराच्या या फॅक्टरीत साड्यांवर मशीनची एम्ब्रॉयडरी होते, मग चेकिंग, मग घडी, मग पॅकिंग. मालक निकुंजभाई, चाळिशीच्या आतले, हातात कायम दोन फोन. त्यांचे वडील बापुजी. कारखाना त्यांनीच उभा केला. आता सकाळी येतात, हॉलभर फिरतात, चहा घेतात, दुपारी जेवायला घरी जातात. त्या घराण्यात आजवर कुठलीही वस्तू फेकलेली नाही. 'काम लागशे', म्हणजे कधीतरी उपयोगी पडेल, एवढं म्हणून बापुजींनी चेकिंगपासून डिस्पॅचच्या दारापर्यंतची अख्खी वाट भरून टाकली होती. साड्यांची ट्रॉली त्या अडगळीला वळसे घालत जायची. कधी अडकली की बाया साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन न्यायच्या.

आणि गुरुवारी ऑडिट होतं. ऑनलाइन साड्या विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस पॅकिंग बघायला येणार होता. निकुंजभाईंनी मला केबिनमध्ये बसवून सरळ सांगितलं होतं, "वैशालीबेन, वाट मोकळी दिसली तर पॅकिंग इथंच राहील. नाही दिसली तर मी पॅकिंग बाहेर जॉबवर्कला देईन. तयार हॉलवाले आहेत खूप. मला ऑर्डर सोडायची नाही."

पॅकिंग बाहेर गेलं, तर पॅकिंगच्या बाया घरी जाणार होत्या. गोडादरा आणि नवागामहून शेअर रिक्षाने येणाऱ्या आमच्या खानदेशी बाया. त्यांची प्रमुख शोभाताई, शिरपूरकडची. तिचा नवरा यंत्रमागाच्या ज्या कारखान्यात कामाला होता तो बंद पडलेला, म्हणून घरात येणारा पगार सध्या एवढाच. हे ती कुणाला ऐकवत नसे. उलट सगळ्यांवर ओरडायची, माझ्यावरसुद्धा.

म्हणून शनिवारी मी तिथं '५ एस'ची सुरुवात केली होती. पाच पायऱ्या आहेत. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, पुसा, नियम ठरवा आणि नियम पाळत राहा. पहिल्या पायरीसाठी 'रेड टॅग' नावाची युक्ती असते. जी वस्तू वापरात नाही असं वाटेल, तिला लाल कार्ड बांधायचं. ठरलेल्या मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही, की वस्तू बाहेर. यात वाद होत नाहीत असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याने बायांच्या हातात टॅग दिलेले नसणार.

बाया तुटून पडल्या. मनातले हिशेब चुकते करायला एवढी चांगली संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. एकीने दुसरीच्या डब्याला टॅग लावला. कुणीतरी अकाउंटंटच्या खुर्चीला लावला, तो बसलेला असताना. एक टॅग माझ्या पर्सवर निघाला. पण अडगळीवरही सगळीकडे लाल कार्डं दिसायला लागली आणि मी खूश होऊन दुपारी निघाले. सोमवारी मला हजीऱ्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. जाताना शोभाताईला म्हटलं, उरलेले टॅग बांधून टाका.

आता मंगळवारी त्याच शोभाताईला मी कूलरपुढे उभं केलं.

"हे काय आहे?"

"टॅग आहे. तुम्हीच सांगितलं ना बांधायला."

"कुंकू मी सांगितलं होतं?"

"कुंकू मी नाही लावलं, मॅडम. माले काय मालूम कोणी लावलं ते."

"मग दोरा कसला आहे हा?"

ती म्हणाली, "सुतळी सरनी ना. देवाच्या फळीवर नाडाछडीचा मोठा गुंडा होता, दसऱ्याचा उरलेला. लाल टॅगला लाल दोरा. मला वाटलं, चांगलंच दिसेल."

नाडाछडी म्हणजे पूजेला बसताना मनगटावर बांधतात तो लाल दोरा. सुरतेत दसऱ्याला तो प्रत्येक मशीनला बांधतात. पुढचं मला लगेच समजलं. एम्ब्रॉयडरीवर बिहारची, ओडिशाची माणसं आहेत. गुजरातीत लिहिलेलं कार्ड त्यांना वाचता येत नव्हतं, पण नाडाछडी सगळ्यांना वाचता येते. शनिवारी मॅडमनी काहीतरी मोठी पूजा केली, असं त्यांनी धरलं. एकाने कुंकू लावलं, दुसऱ्याने फूल ठेवलं, तिसऱ्याने अगरबत्ती लावली. जे काढायचं होतं त्याची प्रतिष्ठापना झाली होती.

मी पॅकिंगच्या टेबलावरची कात्री उचलली. सगळा हॉल थांबला. शोभाताईने माझं मनगट धरलं.

"कापू नका, मॅडम."

"शोभाताई, हा मोडका कूलर आहे."

"तो मोडका आहे, दोरा मोडका नाही. कचऱ्यात टाकला आणि काही झालं, तर हे सगळे माझ्याकडेच बघतील. मीच बांधलाय ना."

मी कात्री ठेवली. खरं सांगायचं तर माझाही हात होईना. कॉलेजात काय काय शिकले, पण घरी पूजेचा जुना दोरा मीही तुळशीतच घालते. चीड मात्र भयंकर आली. कुणावर काढावी ते कळेना, म्हणून भंगारवाल्यावर काढली आणि त्याला परत पाठवलं.

तेवढ्यात बापुजी आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, हातात काठी. त्यांनी कूलरकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बहु सरस," ते म्हणाले. "बेन, मला वाटलं होतं तुम्ही सगळं फेकायला आलात. तुम्ही तर मान दिलात."

आमच्या धंद्यात 'फाइव्ह व्हाय' नावाचं हत्यार असतं. अडचण आली की लागोपाठ 'का' विचारत जायचं. पाचव्या 'का'पर्यंत मूळ कारण हाताला लागतं म्हणतात. मी ते बाहेर काढलं. बोलणं गुजरातीत झालं, इथं मराठीत सांगते.

"बापुजी, हे कपाट का ठेवलंय?"

"किल्ली मिळाली की उघडेल."

"किल्ली का मिळत नाही?"

"कुणी शोधलीच नाही."

"का नाही शोधली?"

"आत काही नाही म्हणून."

"मग कपाट का ठेवलंय?"

"बेन, हे तुम्ही आधीच विचारलंत," बापुजी शांतपणे म्हणाले आणि चहाला गेले.

मी निकुंजभाईंच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, तुम्ही सांगा तुमच्या वडिलांना. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं आणि आवाज उतरवला. "बेन, मी त्यांच्यासमोर फोनवर इंग्रजी बोलतो तेसुद्धा त्यांना आवडत नाही. तुम्हाला फी कशासाठी देतो? हे तुमचं काम." आणि मग दुसऱ्या फोनवर त्यांनी माझ्यासमोरच जॉबवर्कवाल्याशी बोलून ठेवलं, की शुक्रवारपासून लागलं तर हॉल तयार ठेवा.

मी बाहेर येऊन शोभाताईला ते जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. तिने हातातली साडी घडी न करता खाली ठेवली. मी तिला कधी असं करताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या दोऱ्यामुळे," ती म्हणाली.

"तुमच्या दोऱ्यामुळे नाही. बापुजींमुळे. दोरा नसता तरी त्यांनी अडवलंच असतं."

"सगळ्या मलाच धरतील. आमच्यातल्या सुनंदाने मागच्याच महिन्यात खोली बदलली, इथं जवळ पडतं म्हणून. काय व्हई आते?"

मी म्हटलं, घरी जाऊन विचार करते. घरी जाऊन मी विचार केला नाही. नवऱ्यावर ओरडले, कारण गॅलरीत त्याचा बंद पडलेला ट्रेडमिल दिसला.

बुधवारी सकाळी पोचले, तर शोभाताई दारातच थाळी घेऊन उभी. तीत निरांजन, कुंकू, फुलं, अगरबत्तीचा पुडा. मी म्हटलं, आता हे काय नवीन? ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही मध्ये बोलू नका. नुसत्या माझ्यासोबत चला." एरवी मला असं कुणी सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी ऐकलं.

बापुजी आले. शोभाताईने पदर खांद्यावर घेतला.

"बापुजी, बरं झालं आलात. पूजा खोळंबली आहे."

"कसली पूजा?"

"हे बांधलंय ना सगळं. बांधलं म्हणजे रोज दिवा दाखवायला लागतो. घरातल्या मोठ्या माणसानं. आमच्या गावाकडे तसंच असतं. नाही केलं तर दोष लागतो म्हणतात."

बापुजी धार्मिक माणूस. त्यांनी मान हलवली. "वात साची छे," म्हणजे खरी गोष्ट आहे, असं म्हणाले आणि काठी माझ्या हातात देऊन थाळी घेतली.

कूलरपासून सुरुवात झाली. कुंकू, फूल, दिवा. मग शिलाई मशीन. ती खाली, भिंतीला टेकून, त्यामुळे वाकावं लागलं. बापुजींचे गुडघे वाजलेले मला ऐकू आले. मग कपाट. मग पुतळे. त्यांना डोकीच नव्हती. बापुजी कुंकवाचं बोट हवेत धरून थांबले.

"आमां कपाळ क्यां छे?"

"खांद्याला लावा, चालेल," शोभाताई म्हणाली. तिचा चेहरा हलला नाही. मागे सुनंदा तोंडात पदर कोंबून चेकिंग टेबलाखाली गेली.

मग पाती नसलेले पंखे, शोकेसचा सांगाडा, सूत गुंडाळायच्या जुन्या कोनांची खोकी, एक सायकल. सायकल त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

"ही कोणी आणली?"

"तुम्हीच, बापुजी."

"आणि ती खोकी?"

"तीही तुम्हीच. आम्ही कामाला लागलो तेव्हापासून बघतोय."

आमच्यात 'गेम्बा' म्हणून एक शब्द आहे. गेम्बा म्हणजे जिथं काम प्रत्यक्ष होतं ती जागा. मालकाने केबिनमध्ये बसून हुकूम सोडू नयेत, जागेवर जाऊन डोळ्यांनी बघावं, असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो. बापुजी रोज त्या हॉलमधून फिरत होते, पण या वस्तूंकडे त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं. आता एकेका वस्तूपुढे वाकून ते पहिल्यांदा पाहत होते. मी काठी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, असा गेम्बा वॉक मला आजवर कुणाकडून करवून घेता आलेला नाही.

सायकलच्या पुढे अजून तेवढीच रांग होती. बापुजी एका खोक्यावर बसले. कपाळाचा घाम पुसला.

"रोज करावं लागेल?"

"रोज."

"रविवारी?"

"देवाला कुठे सुट्टी असते, बापुजी?"

"माझ्याऐवजी निकुंज चालेल?"

शोभाताईने केबिनकडे पाहिलं. काचेआड निकुंजभाई दोन्ही फोनवर एकदम बोलत होते. "तुम्हीच बघा," ती म्हणाली.

बापुजींनीही पाहिलं आणि उसासा टाकला. मग आवाज बारीक करून विचारलं, "आणि सोडवायचं असेल तर?"

"ज्याने ठेवलं त्यानेच स्वतःच्या हाताने दोरा सोडायचा. अक्षता टाकायच्या आणि वस्तू जागेवरून जराशी हलवायची. गणपतीला करतो ना, तसं."

"अक्षता आण."

अक्षता थाळीतच होत्या, फुलांच्या खाली.

बापुजींनी खोक्यांवरचा दोरा सोडला, अक्षता टाकल्या आणि सवयीने म्हणायला लागले, "पुनरागमनाय..." मी झटकन म्हटलं, "बापुजी, ते म्हणू नका. ते परत यावं म्हणून म्हणतात." ते थबकले. माझ्याकडे पाहिलं. मग पोट हलेपर्यंत हसले. मला वाटलं होतं रागावतील. हसले आणि पुढच्या वस्तूकडे गेले, आणि तिथं नुसत्याच अक्षता टाकल्या.

भंगारवाल्याला फोन करून परत बोलावलं. बापुजी सोडवत गेले, हमाल उचलत गेले. सोडवलेला दोरा सगळा थाळीत. तो ते स्वतः तापीत सोडणार होते. कपाटापाशी एकदा अडखळले, पण कपाटाच्या खाली कसलीतरी किल्ली निघाली, ती त्यालाच लागली आणि आत खरंच काही नव्हतं. कूलर मात्र त्यांनी सोडला नाही. तो सासऱ्यांनी दिलेला. "घेर बा पूछशे," म्हणजे घरी बायको विचारेल, एवढंच म्हणाले. तिथं पाच वेळा 'का' विचारायची माझी इच्छा नव्हती. मी कूलर भिंतीला लावून घेतला आणि त्याच्याभोवती जमिनीवर पिवळा चौकोन आखला. मग मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पिवळ्या पट्ट्या मारल्या. या पट्ट्यांच्या आत काही ठेवायचं नाही, कुणी उभं राहायचं नाही, बसायचं तर मुळीच नाही. हे मी बायांना इतक्यांदा सांगितलं, की सुनंदा माझी नक्कल करायला लागली.

गुरुवारी ऑडिटला कृष्णन साहेब आले. बंगळुरूचे, बारीक, चष्म्यातून वरून बघणारे. त्यांनी कुणाचं चहापाणी घेतलं नाही. साड्यांनी भरलेली ट्रॉली स्वतः हातात घेतली आणि चेकिंग टेबलापासून ढकलत निघाले. मी मागोमाग गेले. ट्रॉली एकदाही न वळता डिस्पॅचच्या दारात जाऊन थांबली. साहेब परत येताना कूलरपाशी थांबले.

"व्हॉट इज धिस?"

निकुंजभाई माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. शोभाताई पुढे आली. "सर, ये अपनी जगह पे है," तिने पिवळा चौकोन दाखवला. "मॅडम ने सिखाया, हर चीज की जगह चाहिए."

"बट यूज? इसका उपयोग क्या है?"

नेमके तेव्हाच बापुजी अगरबत्ती घेऊन आले. पाहुण्यांकडे लक्ष न देता चौकोनाच्या बाहेर चपला काढल्या, कूलरला ओवाळलं, नमस्कार केला. कृष्णन साहेबांनी दोन पावलं मागे घेतली. मग त्यांनीही बूट काढले आणि हात जोडले.

रिपोर्ट संध्याकाळी मेलवर आला. बाकी सगळीकडे 'अ‍ॅक्सेप्टेबल' असा शेरा होता. 'गुड प्रॅक्टिस' हा शेरा त्या अख्ख्या फॅक्टरीत एकाच ठिकाणी मिळाला. 'प्रेअर एरिया, नीट आखलेला आणि स्वच्छ.' तो कूलर अजूनही चालत नाही.

निकुंजभाई हॉलमध्ये येऊन म्हणाले, "पॅकिंग इथंच राहणार." आणि लगेच फोनवर बोलत निघून गेले. बाया एकदम बोलायला लागल्या. शोभाताई वाटेच्या मधोमध, दोन्ही पिवळ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. ट्रॉली यायची होती. मी ट्रॉलीवाल्याला हाताने थांबवलं, आणि ती उठेपर्यंत तो थांबला. मलाही रडू येत होतं, ते मी दाबलं, कारण मग ट्रॉलीवाल्यानेही काम सोडलं असतं.

तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात गेले की रेड टॅगच्या दिवशी मी एकच नियम जास्तीचा सांगते. वस्तू फेकायची की नाही हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. ज्याने ती ठेवली, त्यालाच तिच्यासमोर वाकायला लावावं. गुडघे दुखत असतील, तर निर्णय लवकर होतो.